आळंदी ते पंढरपूर: वारीतलं समाधान येतं कुठून?

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. अंतर सुमारे २५० किलोमीटर. तिथीचा क्षय-वृद्धी झाला की एखादा मुक्काम पुढेमागे होतो, पण वाट आणि टप्पे ठरलेले. चालून आलेल्यांना विचारलं की बहुतेक जण एकच सांगतात, समाधान मिळालं. ते श्रद्धेमुळे, चालण्यामुळे की सोबतीमुळे? वारीत या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असल्या तरी प्रत्येक टप्प्यावर त्यातली एखादी जरा स्पष्ट दिसते, म्हणून मुक्कामांच्या क्रमानेच बघू.

दिवस पहिला: आळंदी, प्रस्थान

प्रस्थान दुपारनंतर असतं, तरी आदल्या दिवशीच आळंदीत पोचावं. पहिलं काम दिंडी गाठायची आणि भिशी भरायची. भिशीत दोन्ही वेळचं जेवण, चहा, तंबूतली जागा आणि सामानाचा ट्रक आला. पिशवीवर नाव, गाव आणि दिंडी क्रमांक ठळक लिहून ती ट्रकमध्ये द्यायची. अंगावर फक्त झोळी, तीत पाण्याची बाटली, पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद, टॉवेल आणि औषधं. रोजच्या गोळ्या २५ दिवसांच्या घ्याव्यात, निम्म्या ट्रकमध्ये आणि निम्म्या झोळीत. पहिल्या दोन दिवसांत ट्रक आणि माणूस यांची चुकामूक हमखास होते आणि रक्तदाबाची गोळी चुकते ती तेव्हाच.

सोहळ्याला आजचं रूप हैबतबाबा आरफळकरांनी १९व्या शतकाच्या पूर्वार्धात दिलं. त्यांनी घालून दिलेली शिस्त आजही पाळली जाते. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीला क्रमांक आणि क्रमांकाप्रमाणे जागा. दिंडीतही तसंच: पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, वीणेकरी, मागे डोक्यावर तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बायका. नवख्या माणसालाही तासाभरात कळतं की आपण कुणाच्या मागे आहोत आणि जेवायला कुणाच्या पंगतीत बसायचं. जो दिंडीत नाही त्याला ‘मोकळा समाज’ म्हणतात. वाटेवर इतकं अन्नदान होतं की मोकळा माणूसही उपाशी राहत नाही. पण रात्री ताप चढला तर उठवायचं कुणाला, हे त्याला ठाऊक नसतं.

हा फरक किरकोळ नाही. चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या पाहणीवरून दाखवलं की नियमित उपासनेला जाणारे लोक आयुष्याबद्दल जास्त समाधानी असतात, मात्र हा फायदा मुख्यतः तिथल्या मैत्रीतून येतो. त्या मंडळीत ज्यांचं जवळचं कुणी नव्हतं, त्यांच्यात तो दिसला नाही. नुसती मैत्रीही पुरली नाही. ‘हा धर्म माझा’ ही ओळख पक्की असलेल्यांनाच त्या मैत्रीचा गुण आला. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने मोठ्या नावाची दिंडी शोधू नये. आपल्या गावची किंवा पंचक्रोशीतली शोधावी, कारण तीच माणसं वर्षभर भेटणार असतात.

संध्याकाळी मानाचे अश्व देवळात येतात, पालखी बाहेर पडते आणि पहिला मुक्काम आळंदीतच, आजोळघरी होतो.

दिवस दुसरा: आळंदी ते पुणे, सुमारे २९ किलोमीटर

पहाटे काकडआरती, पादुकांची पूजा, मग कर्णा. पहिल्या कर्ण्याला आवराआवर करायची, दुसऱ्याला दिंडीत उभं राहायचं आणि तिसऱ्याला सोहळा हलतो. नवखे पहिल्या कर्ण्याला उठतात आणि तिथेच फसतात, कारण तोवर पाण्याच्या टँकरपुढे रांग लागलेली असते. तासभर आधी उठलेलं बरं.

वाटेवरचं भजनही क्रमाने चालतं. मंगलाचरण, काकड्याचे अभंग, भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगुळ, गौळणी, पुढे त्या त्या वाराचे अभंग आणि दिवस उतरताना हरिपाठ. म्हणण्याची रीत जवळून बघण्याजोगी आहे. चरण सुरू झाला की एक रांग तो उचलते, समोरची झेलते, आणि ज्या रांगेची पाळी नाही ती श्वास भरून घेते. एका श्वासात एक ओळ पुरवायची म्हणजे श्वास सोडण्याचा वेळ आपोआप लांबतो.

इटलीतले हृदयतज्ज्ञ लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांवर हेच मोजलं. कॅथलिक जपमाळेची लॅटिन प्रार्थना असो वा योगातला मंत्र, दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा जास्त तत्पर झाली. देव वेगळे, भाषा वेगळ्या, श्वास तोच. म्हणजे समाधानाचा हा वाटा श्वासाच्या लयीचा आहे. पण रोज दोन-चार तास, तेही अठरा दिवस, कुणाला असा श्वास घ्यायला लावायचं तर श्वसनाचा वर्ग भरवून भागत नाही. तिथे माणसाला टिकवून धरते ती नामावरची निष्ठाच.

इथे बिघडतं ते असं. नवा टाळकरी पहिल्या दिवशी गळा फाडून म्हणतो आणि सासवडपर्यंत त्याचा आवाज बसतो. मधल्या पट्टीत, निम्म्या आवाजात म्हणावं, श्वास नाकाने घ्यावा, चढावर फक्त टाळ वाजवावा. ‘ज्ञानोबा-तुकाराम’चा द्रुत गजर अंगात वीज भरतो, शांत करत नाही. दोन्हींची गरज असते, मात्र झोपायच्या वेळी गजरात रमलेल्याला झोप लवकर लागत नाही.

डांबरावरचा हा पहिला लांब पल्ला पायांची परीक्षा घेतो. नवीन बूट नकोत, महिनाभर वापरलेली चप्पल किंवा बूट घ्यावेत. फोड लहान असेल तर फोडू नये, वर पट्टी लावावी. फार मोठा आणि ठणकणारा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढावं आणि वरची कातडी तशीच ठेवावी. ती ओढून काढली की जखम चिघळते.

दिवस तिसरा: पुण्यातला मुक्काम

माउली भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, आणि दिंड्या शाळा-कार्यालयांत विखुरलेल्या. पायांना आराम मिळतो, म्हणून मोजमापाचा विषय इथेच उरकू.

‘वारीने बरं वाटतं’ हे तपासायला जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची यादी पुरते. तिला डब्ल्यूएचओ-५ म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटत होतं का, अंगात उत्साह होता का, झोपेतून ताजंतवानं उठलात का, रोजच्या आयुष्यात रस वाटत होता का. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेला ४ ने गुणायचं, म्हणजे १०० पैकी आकडा मिळतो. ५० किंवा कमी आला तर नैराश्याची नीट तपासणी करून घ्यावी. ही यादी वारीला निघण्याच्या महिनाभर आधी एकदा आणि परतल्यावर महिन्याने एकदा भरावी. वाटेत भरू नये. रात्री चार-पाच तासच झोप झालेली असते, त्यामुळे झोपेच्या प्रश्नाला गुण कमी पडतात. एकादशीच्या दिवशी भरली तर सगळेच गुण फुगतात.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. २५० किलोमीटर चालू शकणारा माणूस मुळातच बऱ्यापैकी धडधाकट असतो, आणि ज्यांना वारी मानवली नाही ते पुढच्या वर्षी येतच नाहीत. त्यामुळे वारकऱ्यांकडे बघून ‘श्रद्धेने माणूस सुखी होतो’ म्हणणं घाईचं ठरतं. तुलनेला न गेलेली माणसं हवीत. प्रयागच्या माघ मेळ्यावरच्या अभ्यासात हे केलं गेलं. महिनाभर गंगाकाठी राहणारे ४१६ कल्पवासी आणि मेळ्याला न गेलेले १२७ लोक, मेळ्याआधी आणि मेळा संपल्यावर महिन्याने दोनदा विचारलेले. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले: कल्पवाशांचं स्वास्थ्य न गेलेल्यांच्या तुलनेत सुधारलं. थंडी, गर्दी, गोंगाट सोसूनही. सुधारणा डोंगराएवढी नव्हती, पण घरी परतल्यावरही टिकून होती.

याहून नेटकी पद्धत पाकिस्तानातल्या हज यात्रेकरूंवरच्या २००९ च्या अभ्यासात सापडते. तिथे व्हिसा सोडतीने मिळत होते. अर्ज दोघांनीही केलेला, एकाचं नाव निघालं, दुसऱ्याचं नाही. श्रद्धा सारखीच, फरक फक्त यात्रेचा. हज करून आलेल्यांत नमाज-रोजे वाढलेच, शिवाय इतर पंथांच्या आणि धर्मांच्या लोकांबद्दल सलोख्याची भावनाही वाढली. यात्रा नुसत्या श्रद्धेवर आणखी काहीतरी चढवते, हे इथे स्वच्छ दिसतं.

दिवस चौथा: पुणे ते सासवड, दिवे घाट, सुमारे ३२ किलोमीटर

वाटेतला सर्वांत लांब पल्ला, त्यात घाटाचा चढ, आणि तिथी बहुधा एकादशी. सगळ्यात जास्त चालायचं त्याच दिवशी उपास. रथाला घाटात जादा बैल जोडतात. माणसाला जादा काही मिळत नाही, तरी चढताना आवाज वाढत जातो.

हे कसं होतं? याचे दोन भाग वेगळे काढता येतात. एक शरीराचा. ऑक्सफर्डमध्ये २०१० साली नौकानयनाच्या खेळाडूंवर प्रयोग झाला. तेवढाच व्यायाम एकट्याने केल्यावर आणि सगळ्यांनी एका लयीत केल्यावर त्यांची वेदना सोसण्याची मर्यादा मोजली. लयीत केल्यावर ती वाढलेली आढळली. तिथे देव नव्हता, फक्त ताल होता. घाटातल्या टाळाचा निम्मा चमत्कार हाच आहे.

दुसरा भाग अर्थाचा. माघ मेळ्यात यात्रेकरूंना एकच मोघम गोंगाट ऐकवला. तो मेळ्यातला आहे असं सांगितल्यावर त्यांनी तो जास्त वेळ ऐकला आणि तो कमी त्रासदायक वाटला. शहरातल्या रस्त्याचा म्हटल्यावर तोच नकोसा झाला. घाटातलं ऊन, धक्काबुक्की, ओले कपडे हे सगळं ‘वारीचं’ असतं तेव्हा मन ते वेगळ्या खात्यावर मांडतं. माझ्या मते श्रद्धेचं खास काम इथे आहे. ती कष्ट कमी करत नाही, कष्ट कशासाठी आहेत ते सांगते, आणि ते सांगितलेलं खरं वाटावं म्हणून आजूबाजूला हजारो माणसं तेच सोसत असतात.

पण शरीर अर्थ जाणत नाही. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने या दिवशी उपास करून चालू नये. करायचाच असेल तर आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा. घाम, हात थरथरणं, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणं. लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटं थांबावं, फरक नसेल तर पुन्हा द्यावी. साखर उपासाला चालते, त्यामुळे कुणी हट्ट धरू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, थेट वैद्यकीय पथकाकडे न्यावं.

दिवस पाचवा ते सातवा: सासवड, जेजुरी, वाल्हे

सासवड सोपानकाकांचं. इथला जादा दिवस पोटऱ्यांसाठी आणि कपडे वाळवण्यासाठी. जेजुरीत पालखीवर भंडारा उधळतात आणि वैष्णवांचा मेळा थोडा वेळ खंडोबाचा होऊन जातो. जेजुरीचा टप्पा सोळा किलोमीटर, वाल्ह्याचा त्याहून लहान. पाय आता रुळलेले असतात. दुखणं राहिलं तर ते गुडघ्याचं, आणि ते लपवू नये.

दिवस आठवा आणि नववा: नीरा, लोणंद

नीरा नदीत पादुकांना स्नान घालतात आणि सोहळा सातारा जिल्ह्यात शिरतो. लोणंदचा तळ मोठा, म्हणून समाज आरती बघायला ही जागा चांगली.

पालखी तळावर येते, दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात, शेकडो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार चोप उंच धरतात आणि सगळं शांत होतं. इतक्या माणसांची अशी शांतता दुसरीकडे क्वचितच मिळेल. मग हरवलं-सापडलं, उद्याची वेळ, सूचना. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ थांबवत नाही. सगळा तळ गप्प आणि एका कोपऱ्यातून टाळ चालूच. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात: टँकर आला नाही, तंबूची जागा दुसऱ्यांनी घेतली, चालताना क्रम मोडला. उत्तर किंवा आश्वासन मिळतं, तो टाळ थांबतो आणि मगच आरती होते.

भक्तीच्या मध्यभागी गाऱ्हाण्याला राखून ठेवलेली ही जागा मला फार मोलाची वाटते. ‘देवाच्या वाटेवर तक्रार कसली’ म्हणणाऱ्या मंडळीत माणसं आतल्या आत कुढतात. इथे तक्रार केल्याने कुणी कमी वारकरी ठरत नाही. श्रद्धेने मनाला स्वास्थ्य मिळायचं तर तिच्यात नाराजी बोलून दाखवण्याची सोय हवी. उपासनेचा कुठलाही गट निवडताना हे आधी तपासावं.

एक गोष्ट इथेच बोलायला हवी. पाया पडताना सगळेच एकमेकांचे माउली असतात, तरी बऱ्याच दिंड्या गाव आणि जात यांच्या धाग्यावरच उभ्या राहिलेल्या आहेत. पंगतीत आपल्याला बाजूला काढलं जातंय हे ज्याला जाणवतं, त्याला सोबतीचा लाभ मिळत नाही. त्याच्या वाट्याला जुनाच घाव नव्याने येतो.

दिवस दहावा: लोणंद ते तरडगाव

टप्पा आठ किलोमीटरचा, पण वाटेत चांदोबाचा लिंब आणि तिथे पहिलं उभं रिंगण. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या राहतात आणि मधून दोन घोडे दौडतात, एकावर पताका घेतलेला स्वार, दुसरा रिकामा, तो माउलींचा. घोडा गेला की टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं झेपावतात. चेंगराचेंगरीचा धोका त्या दोन मिनिटांत असतो. म्हाताऱ्यांनी आणि लेकुरवाळ्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतच राहावं.

स्पेनमधल्या सान पेद्रो मानरिके गावी निखाऱ्यांवरून चालण्याची प्रथा आहे. तिथे २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासात चालणाऱ्याच्या आणि बघणाऱ्या आप्तांच्या हृदयाच्या ठोक्यांची चढउतार जुळलेली आढळली. अनोळखी प्रेक्षकांची जुळली नाही. रिंगण मोबाइलवर टिपायला आलेला पाहुणा आणि दहा दिवस चालून आलेला टाळकरी एकाच ठिकाणी उभे असले, तरी दोघांच्या आत घडतं ते एक नसतं.

दिवस अकरावा ते तेरावा: फलटण, बरड, नातेपुते

वारीचा सर्वांत कठीण भाग हा, घाट नव्हे. नवेपणा संपलेला, पंढरी लांब, सलग तीन दिवस अठरा ते एकवीस किलोमीटर. जुलाब, सर्दी, ताप याच टप्प्यात दिंडी धरतात. तंबूत जागेवरून भांडणं होतात. घरून पावसाचे फोन येतात, पेरणी झाली का, दुबार करावी लागणार का. वारकऱ्यांत कोरडवाहू शेतकरी पुष्कळ, त्यांचं मन अर्धं शेतातच.

‘धर्माने माणूस सुखी होतो का’ याचं उत्तर परिस्थितीवर ठरतं, हे इथे पटतं. एड डीनर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अनेक देशांची पाहणी तपासली. जिथे जगणं खडतर, भूक आणि असुरक्षितता जास्त, तिथे धार्मिक माणसं इतरांपेक्षा बऱ्या मनस्थितीत होती. त्यांना समाजात आधार आणि मान मिळत होता. सुखवस्तू देशांत हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. सरकार, दवाखाना, विमा, पगार यांनी जो आधार द्यायचा तो मिळत नसेल तेव्हा श्रद्धेभोवतीची माणसं तो देतात.

आणि श्रद्धा उलटते तीही याच टप्प्यात. आजारी पडलेला वारकरी म्हणतो, माझंच काहीतरी चुकलं, देवाने मला नको म्हटलं. केनेथ पारगामेंट यांनी अशा धार्मिक ओढाताणीचा आयुष्यभर अभ्यास केला. २००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ५५ वर्षांपुढच्या ५९६ रुग्णांची दोन वर्षांची माहिती मांडली. देवाने आपल्याला टाकलं, त्याचं आपल्यावर प्रेम नाही, हे सैतानाने घडवलं, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात मृत्यूचा धोका १९ ते २८ टक्क्यांनी जास्त निघाला, मूळ आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही. श्रद्धा एकच, पण तिचा सूर भरवशाचा आहे की भीतीचा, यावर सगळं अवलंबून.

अशा माणसाला ‘माउली परीक्षा बघतेय’ असं म्हणू नये, त्याच्या अपराधी भावनेवर तो शिक्काच बसतो. आधी ताप मोजावा. जुलाब असतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात ओआरएसची एक पूर्ण पुडी घोळून घोटघोट द्यावी. अर्ध्या ग्लासात पुडी ओतण्याची चूक फार होते आणि घट्ट पाण्याने जुलाब वाढतात. एक-दोन टप्पे ट्रकमधून जायला सांगावं. दिंडीचालकाने हे सगळ्यांदेखत, सहजपणे सांगितलं तर माणूस ऐकतो, नाहीतर लंगडत चालत राहतो.

बायकांचं दुखणं वेगळं. फिरती शौचालयं आता असतात, पण रांगा लांब आणि रात्री अंधार, म्हणून कितीतरी जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग लघवीची जळजळ, ताप, चक्कर. दिंडी ठरवताना शौचालयाची सोय आणि स्वयंपाक आचारी करतो की बायकांच्याच माथी, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. चालून आल्यावर दोनशे माणसांच्या भाकऱ्या थापायच्या असतील तर तिला वारीतही विसावा नाही.

दिवस चौदावा आणि पंधरावा: माळशिरस, वेळापूर

सदाशिवनगरजवळ पुरंदावड्याला पहिलं गोल रिंगण, दुसऱ्या दिवशी खुडूसला दुसरं. रिंगणानंतर उडीचे खेळ, फुगड्या, हुतुतू. सत्तरीच्या आजी फुगडी घालतात आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही. वेळापूरच्या अलीकडे धावा, टेकडावरून उतारावर सगळी दिंडी धावत सुटते, तुकोबांना इथून कळस दिसला या आठवणीने. खेळण्याची मुभा मोठ्या माणसांना आयुष्यात क्वचितच मिळते. भक्तीच्या नावाने ती मिळते आणि त्याचा आनंद चेहऱ्यावर दिसतो. गुडघे दुखणाऱ्याने मात्र धाव्यात कडेने चालत उतरावं. ओल्या मातीत पाय मुरगळणारे दर वर्षी असतात.

दिवस सोळावा आणि सतरावा: भंडीशेगाव, वाखरी

ठाकूरबुवांच्या समाधीपाशी रिंगण, वाटेत सोपानकाकांच्या पालखीशी बंधुभेट, मग बाजीरावाच्या विहिरीपाशी शेवटची मोठी रिंगणं. वाखरीत सगळ्या पालख्या एकत्र येतात. गर्दी वाढते, झोप आणखी तुटते.

झोपेची बाब गंभीर आहे. द्विध्रुवीय विकार (बायपोलर, म्हणजे मन कधी उन्मादात तर कधी नैराश्यात जाण्याचा आजार) असलेल्या माणसाला सलग जागरणांनी उन्मादाचा झटका येऊ शकतो. तो रात्रभर गात बसतो, झोप नको म्हणतो, आपल्याला साक्षात्कार झाला म्हणतो, पैसे वाटतो. आजूबाजूचे त्याच्या पाया पडायला लागतात आणि दोन मौल्यवान दिवस वाया जातात. ‘माउली बघून घेईल’ म्हणून मनाच्या आजाराच्या गोळ्या थांबवलेल्यांतही असं घडतं. गोळ्या चालू ठेवून वारी करता येते. घरच्या एखाद्याने बरोबर असावं, रात्री सहा तास झोप मिळेल अशी तंबूतली कोपऱ्याची जागा मागून घ्यावी, आणि दिंडीतल्या एका भरवशाच्या माणसाला आजाराची कल्पना द्यावी.

दिवस अठरावा आणि एकोणिसावा: पंढरपूर, दशमी आणि एकादशी

चंद्रभागेचं स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरी, कळसाचं दर्शन. पदस्पर्शाच्या रांगेत कित्येक तास जातात, कधी दिवस उलटतो. मुरलेले वारकरी बहुधा त्या रांगेत उभे राहत नाहीत, कळसाला हात जोडून निघतात आणि त्यांना काही उणं वाटत नाही.

इथे दोन तऱ्हेचे यात्रेकरू वेगळे ओळखू येतात. गॉर्डन ऑलपोर्ट आणि मायकेल रॉस यांनी १९६७ मध्ये मांडलेला भेद तोच: धर्म जगणारा आणि धर्म वापरणारा. नवस बोलून आलेल्याचं समाधान नवसाच्या फळाला बांधलेलं असतं. मुलाला नोकरी लागली नाही की वारीही वाया गेल्यासारखी वाटते. नेम म्हणून येणाऱ्याने चालतानाच सगळं मिळवलेलं असतं. नवस करणाऱ्याला हिणवू नये, बहुतेकांची वारी तिथूनच सुरू होते आणि चार-पाच वर्षांत नवस मागे पडून नेम उरतो.

रांगेत जायचंच असेल तर एकादशीचा दिवस टाळून द्वादशीनंतर जावं. पाणी आणि औषध जवळ ठेवावं. मूल बरोबर असेल तर त्याच्या खिशात दिंडी क्रमांक आणि फोन नंबर लिहिलेला कागद ठेवावा.

पौर्णिमा आणि परतीची वाट

पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो आणि पालखी परत फिरते. परतवारीला माणसं थोडी. बाकीचे एकादशीच्या संध्याकाळपासूनच एसटीने निघालेले असतात. अठरा दिवसांची सोबत एका रात्रीत सुटते आणि पहिला आठवडा अनेकांना सुनासुना जातो. चिडचिड, काम सुचेनासं होणं, पहाटे तीनला आपोआप जाग. हे थकव्याचं आणि तुटलेल्या सोबतीचं आहे, श्रद्धा कमी पडल्याचं नाही. चार-पाच दिवस भरपूर झोप घ्यावी, रोज अर्धा तास चालणं ठेवावं, एकदम थांबवू नये. संध्याकाळचा हरिपाठ वेळ ठरवून, शक्यतो घरातल्या किंवा शेजारच्या कुणाबरोबर म्हणावा. दोन आठवड्यांनंतरही मन उठत नसेल, झोप-भूक गेली असेल तर डॉक्टरांना दाखवावं. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आषाढ वद्य एकादशी पंधरवड्यातच येते. दिंडीचं त्या रात्रीचं भजन कुणाच्या घरी आहे ते निघण्यापूर्वीच वीणेकऱ्याला विचारून ठेवावं, आणि अंग दुखत असलं तरी त्या एका भजनाला जावं.